घोडबंदर रस्ता आमच्या दारातून कसा गेला, आणि आता तो ओलांडायचा कुठून?

आनंदनगर_नाका (धागाकर्ता)

माझी आई ७८ वर्षांची आहे. तिची नेहमीची भाजीवाली आमच्या संकुलाच्या फाटकासमोर, पण रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला बसते. आमच्या गॅलरीतून तिच्या पाटीतली माठाची जुडी आणि लाल भोपळ्याची फोड ओळखता येते. समोरचा कट बंद करून दुभाजक सलग केल्यापासून आई तिच्याकडे रिक्षाने जाते. रिक्षा ठाण्याच्या दिशेने वाघबीळच्या उड्डाणपुलापर्यंत जाते, पुलाखालून वळते आणि तेवढेच अंतर परत येते. घरी येताना कासारवडवलीकडे जाऊन तिथून वळावे लागते. मेथीच्या एका जुडीसाठी ती दोन रिक्षांचे भाडे मोजते, आणि मी काही बोललो की "मग काय उडून जाऊ?" असे विचारते.

आता कापूरबावडी ते गायमुख या सुमारे १० किलोमीटरच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतले आहे. आमच्या संकुलाच्या सभांत त्यावर पुष्कळ आवाज चढले. परंतु सगळी चर्चा फाटकातून गाडी बाहेर काढायची कशी, याचीच होती. पायी पलीकडे कसे जायचे, हा प्रश्न मी मांडला तेव्हा एका सद्गृहस्थांनी मला दुसरी गाडी घेण्याचा सल्ला दिला. म्हणून हा धागा.

प्रथम मार्गाविषयी, कारण इथे अलीकडे राहायला आलेल्या अनेकांना हा रस्ता मुळात कशासाठी आहे हेच ठाऊक नसते. मुंबई–नाशिक महामार्गावरच्या माजिवडा–कापूरबावडीपासून निघून मुंबई–अहमदाबाद महामार्गाला घोडबंदरजवळ मिळणारा हा सुमारे २० किलोमीटरचा दुवा आहे. जुन्या नकाशांत तो राज्य महामार्ग ४२ म्हणून दिसतो आणि वाहतुकीच्या अलीकडच्या अधिसूचनांत ८४ म्हणून. त्यामुळे माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्यांनी दोन्ही क्रमांक लिहावेत, नाहीतर अर्ज परत येतो, हे मी अनुभवाने सांगतो. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा असे करत तो गायमुखाला पोचतो. तोपर्यंत तो ठाणे शहराचा रस्ता असतो. गायमुखाच्या घाटात एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला वसईची खाडी इतकी जवळ येते की मध्ये रस्त्यापुरतीच जागा उरते. पुढे चेणे, काजूपाडा आणि वरसावे हा भाग मिरा-भाईंदरच्या हद्दीत आहे, आणि तिथला रस्ता अजूनही बऱ्याच अंशी गावाकडचा वाटतो.

माझे मत असे आहे की डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये दुसरी वाट नव्हतीच, म्हणून रस्ता इथूनच जाणार होता. आज जे जे प्रकल्प ऐकू येतात ते सगळे हेच मान्य करून चालतात. मेट्रो ४ आणि ४अ रस्त्याच्या डोक्यावरून जाते. टिकुजीनी वाडी ते मागाठाणे हा सुमारे १२ किलोमीटरचा जुळा बोगदा उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. बाळकुम ते गायमुख हा किनारी मार्ग खाडीच्या कडेने जाणार आहे. वरून, खालून आणि बाजूने असे तिन्ही उपाय झाले. पण हे सगळे उपाय रस्त्याच्या लांबीचे आहेत. आडवे जाणाऱ्याचा विचार कोणत्या नकाशात आहे, हे कुणाला माहीत असल्यास कृपया सांगावे. इथल्या मूळ गावकऱ्यांनी आणि रस्त्याच्या कामात राहिलेल्या कुणी लिहिले तर अधिक बरे होईल.

ओवळे_पाडा

दादा, तुम्ही 'रस्ता आमच्या दारातून गेला' असे लिहिले आहे. आमच्याकडे तो शेतातून गेला, आणि तुमचे दार नंतर आले. राग मानू नये, केवळ क्रम सांगतो.

आमचे गावठाण डोंगराच्या बाजूला आहे. भाताची खाचरे काही डोंगराच्या अंगाला होती आणि काही खाडीच्या अंगाला, मोघरपाड्याकडे. खाडीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालून राखलेली ती जमीन होती. माझे वडील पावसाळ्यात सकाळी बैल घेऊन रस्ता ओलांडत आणि संध्याकाळी परत येत. रस्ता तेव्हा अरुंद होता, दोन्ही बाजूंना झाडे होती, आणि ट्रक येताना दिसला की बैल थांबवायला वेळ मिळे. ट्रकवालेही थांबत. वडील सांगत की एखादा क्लीनर खाली उतरून आमच्या विहिरीचे पाणी पिऊन जाई. आता त्या खाडीकडच्या जमिनीतली बरीचशी मेट्रोच्या कारशेडसाठी गेली, आणि तिच्या मोबदल्यावरून आमच्या लोकांनी केलेली आंदोलने तुम्ही बातम्यांत वाचली असतील. तो विषय मोठा आहे. तो या धाग्यात आणत नाही.

परंतु आडवे जाण्याचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. आमचे गणपती खाडीत विसर्जन होतात. गौरी-गणपतीच्या दिवशी गावठाणातून मिरवणूक निघते आणि तिला हा राज्य महामार्ग ओलांडावाच लागतो. पूर्वी मिरवणूक सरळ जात असे. रस्ता रुंद झाला तेव्हा गावातली पोरे पुढे धावून दोन्ही हात पसरून उभी राहू लागली. पुढे दुभाजक आला, तेव्हा कट होता तिथून जाऊ लागलो. कट बंद झाला त्या वर्षी बायकांनी गौरी डोक्यावर घेऊन कमरेएवढा दुभाजक ओलांडला; एक जण आधी वर चढली, तिने गौर हातात घेतली आणि मग खालची वर आली. त्या वर्षी माझी चुलती दुभाजकावर उभी राहून म्हणाली, की माहेरवाशिणीला असे भिंतीवरून कुणी पाठवत नाही. आता आम्ही एक जाड दोर ठेवला आहे. बंदोबस्ताचा पोलीस शिट्टी वाजवतो, पोरे दोर धरून रस्त्याच्या आडवी उभी राहतात, आणि तेवढ्या वेळात सगळे गणपती पलीकडे जातात. अंत्ययात्रेचेही तसेच आहे, फक्त तिथे पोलीस नसतो.

तुम्ही भाजीसाठी प्रदक्षिणा घालता. आमच्याकडे एकाच भावकीची घरे दोन्ही अंगांना आहेत. रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले तर समोरच्या घरातल्या माणसाला आधी फोन जातो आणि मग तो पुढच्या पुलाखालून वळून येतो.

कट बंद केला तेव्हा कुणी विचारायला आले नाही. सकाळी उठलो तर सिमेंटचे ठोकळे उभे होते. विचारणा करायला गेलो तेव्हा "अपघात होतात म्हणून बंद केला" एवढे उत्तर मिळाले. अपघात होत होते, हे खरेच आहे. मेलेल्यांपैकी दोघे आमचेच होते. म्हणून कट नको हे आम्हालाही पटते. पण कटाऐवजी काय, हे सांगायला नको का?

सडक_निवृत्त

आयुष्यभर रस्त्यांच्या कामात होतो, म्हणून दोन-तीन मुद्दे लिहितो. थोडे तांत्रिक होईल, ते गोड मानून घ्यावे.

१९५५ च्या महामार्ग अधिनियमानुसार शासन एखादा रस्ता महामार्ग म्हणून घोषित करते आणि त्याची हद्द, इमारत रेषा व नियंत्रण रेषा ठरवते. या दोन रेषांमागचा हेतू साधा आहे : महामार्गावर थेट दारे उघडू नयेत. लांबून येणाऱ्या वाहनाला मध्येच कुणी फाटकातून बाहेर येईल अशी भीती नसावी, आणि फाटकातून येणाऱ्याला भरधाव ट्रकची नसावी. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये झाली आणि आजूबाजूची अनेक गावे तिच्या हद्दीत आली. त्यानंतर या पट्ट्याला विकास आराखडा लागू झाला, रस्त्याची रुंदी ६० मीटर धरली गेली आणि दोन्ही बाजूंना इमारती मंजूर होत गेल्या. क्रमांक राज्य महामार्गाचा राहिला. वागणूक मात्र बाजारपेठेतल्या हमरस्त्याची झाली. सेवा रस्ता, ज्याला सगळे सर्व्हिस रोड म्हणतात, ही त्या दोघांमधली तडजोड होती. दारे सेवा रस्त्यावर उघडावीत आणि सेवा रस्त्याची तोंडे ठरावीक ठिकाणीच मुख्य रस्त्याला मिळावीत, अशी ती कल्पना.

ती इथे पुरती यशस्वी झाली नाही, कारण सेवा रस्ता मोकळा राहिलाच नाही. कुठे तो पाण्याच्या टँकरने अडवला, कुठे दुचाकी दुरुस्तीच्या दुकानाने, कुठे मेट्रोच्या पत्र्यांनी, आणि काही ठिकाणी तर तो मध्येच संपतो. म्हणून 'असाही वापरात नाही, मग मिळवून टाका' असा युक्तिवाद झाला, आणि केवळ गाड्या मोजल्या तर तो चुकीचा नाही.

पण धागाकर्त्यांच्या मुद्द्याकडे येतो. सेवा रस्ता असताना पायी ओलांडणाऱ्याला चार तुकड्यांत ओलांडता येत असे : एक सेवा रस्ता, मग मधली पट्टी, मग मुख्य रस्त्याची एक बाजू, मग दुभाजक, आणि पलीकडे पुन्हा तसेच. प्रत्येक तुकड्यानंतर उभे राहायला जागा होती. म्हातारे माणूस एका दमात किती मार्गिका ओलांडू शकते, याला मर्यादा असते. तिथे श्वास घेण्याची जागा रुंदीपेक्षा महत्त्वाची ठरते. विलीनीकरणात या मधल्या पट्ट्याच जातात. गाडीला एक मार्गिका मिळते आणि त्याच मापाने माणसाचा विसावा जातो. नकाशात पहिली गोष्ट ठळक दिसते, दुसरी दिसत नाही, कारण नकाशा काढणाऱ्याला ती काढायला सांगितलेलीच नसते. मीही माझ्या काळात अशा नकाशांवर सह्या केल्या आहेत.

मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ इथले उड्डाणपूल झाले तेव्हा पायी चालणाऱ्याचा थोडा फायदाही झाला, हे लक्षात घ्यावे. लांबची वाहतूक वरून गेली आणि पुलाखाली जमिनीवरून ओलांडण्याची जागा मिळाली. त्यामुळे 'उड्डाणपूल म्हणजे गाड्यांचा लाड' असे सरसकट म्हणता येत नाही. वाईट स्थिती दोन पुलांच्या मधल्या पट्ट्याची आहे, जिथे धागाकर्ते राहतात.

आणि एका बाबतीत धागाकर्त्यांशी माझा मतभेद आहे. 'दुसरी वाट नव्हतीच' हे गायमुखापासून पुढे खरे आहे; अलीकडे नाही. कापूरबावडी ते ओवळे या भागात डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये चांगला रुंद पट्टा आहे. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, कावेसर ही गावे त्याच पट्ट्यात, खाडीच्या बाजूला आहेत. लांबच्या वाहतुकीसाठी तिकडून वेगळी आखणी राखून ठेवता आली असती आणि जुना रस्ता गावांना व शहराला देता आला असता. जागा मोकळी असताना ते केले नाही. आज बाळकुम–गायमुख किनारी मार्ग म्हणून जो आखला आहे, तो मूलतः तोच विचार आहे. फरक एवढाच की आता जमीन इमारतींनी भरली आहे, म्हणून मार्ग खाडीकडे सरकला, म्हणून कांदळवन आले, आणि कांदळवनाला हात लावायचा म्हणजे उच्च न्यायालयाची परवानगी आली.

ट्रेलर_उरण

वरच्या प्रतिसादांत ट्रक आणि ट्रेलर हे खलनायकासारखे येत आहेत, म्हणून आमची बाजू लिहितो. माझ्या तीन गाड्या आहेत आणि त्यांतली एक मी स्वतः बरीच वर्षे चालवली आहे.

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तिथून गुजरातकडे जाणारा कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बाह्यवळण, खारेगाव, माजिवडा असा येतो आणि घोडबंदरमार्गे अहमदाबाद महामार्गाला लागतो. त्याला तुमच्या दारातून जाण्याची हौस नाही. त्याला दुसरा धड रस्ता नाही. ठाणे शहरात अवजड वाहनांना ठरावीक तासांचीच मुभा असते. त्यामुळे ड्रायव्हर आधी कुठेतरी रस्त्याच्या कडेला तासन्तास उभा राहतो आणि वेळ झाली की सगळे एकदम सुटतात. तुम्हाला जी रांग दिसते ती बंदीमुळेही तयार होते.

गायमुखाचा घाट बघायला लहान आहे; पण ४० फुटी भरलेला कंटेनर घेऊन पावसाळ्यात तो चढून दाखवावा. खड्ड्यात मागचे चाक उतरले की सगळा भार एका बाजूला येतो, ड्रायव्हर क्लच दाबून ठेवतो आणि प्लेट जळते. तो वास मला झोपेतही ओळखता येईल. एक गाडी बसली की दोन्ही बाजूंना तासाभरात वरसाव्यापासून कासारवडवलीपर्यंत सगळे बंद, कारण घाटात क्रेन यायलाच जागा नसते.

घाटाच्या दुरुस्तीसाठी रस्ता बंद ठेवतात तेव्हा आम्हाला माणकोली, अंजूरफाटा, कामण, चिंचोटी असे भिवंडी-वसईकडून पाठवतात. तो रस्ता यापेक्षा अरुंद आहे आणि त्याच्या काठालाही खारबाव, पाये, कामण अशी गावेच आहेत. म्हणजे घोडबंदरवरून आम्हाला हाकलले की आमचा धूर दुसऱ्या गावाच्या भाताच्या खाचरात जातो. ज्यांना 'अवजड वाहने बंद करा' असे लिहायचे असेल त्यांनी 'आणि कुणाच्या दारातून पाठवा' हेही लिहावे. बडोदा–मुंबई द्रुतगती मार्गाची बंदराकडे येणारी शाखा पूर्ण झाली म्हणजे लांबचा बराच माल ठाण्यात शिरणारच नाही, असे आम्हाला वाटते. तोवर आम्ही इथेच आहोत.

दुर्बीण

रस्ता आडवा ओलांडणारी फक्त माणसे नाहीत, एवढे नोंदवतो. राष्ट्रीय उद्यानाचा नागला हा भाग वसईच्या खाडीपलीकडे आहे आणि त्याच्याही पुढे तुंगारेश्वर अभयारण्य आहे. येऊरच्या जंगलातून खाडीकाठाकडे उतरणाऱ्या प्राण्याला गायमुख ते वरसावे या टप्प्यात हा रस्ता लागतो. इथे गाडीखाली बिबटे मेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले. त्यामुळे घाटाच्या रुंदीकरणाला वन विभागाच्या परवानग्या लागतात आणि त्यावर 'प्राण्यांमुळे रस्ता अडला' अशी ओरड होते. परवानगी देताना रस्त्याखालून मोऱ्या मोठ्या करून घ्याव्यात, एवढीच अपेक्षा आहे. ओढ्याच्या मोरीतून माणूस वाकून जाऊ शकला तर सांबर जाणार नाही, पण बिबट्या आणि साळिंदर जाऊ शकते.

चेणे_काठ

दुर्बीण यांचा प्रतिसाद वाचला आणि थोडे हसू आले. आमच्याकडे बिबट्यासाठी मोरी मागायला संस्था येतात. शाळेच्या पोरांसाठी अजून कुणी आले नाही. हे मी चिडून लिहीत नाही, प्राण्यांशी आमचे भांडण नाही. पाड्यावर वाघोबाला नैवेद्य दाखवणारे लोक आहोत आम्ही.

वरची सगळी चर्चा सेवा रस्ता राहावा की जावा, याची आहे. चेणे आणि काजूपाडा इथे सेवा रस्ता मुळात झालाच नाही, त्यामुळे विलीन करण्यासारखे काही नाही. घराची पायरी उतरली की पांढरी पट्टी, आणि पट्टीच्या आत गाडी. बस थांबते तो थांबा म्हणजे एक खांब आहे. संध्याकाळी शाळेतून येणारी मुले ठाण्याकडून येताना उतरतात ती रस्त्याच्या एका बाजूला, आणि पाडा दुसऱ्या बाजूला. मोठी मुलगी लहान भावाच्या दप्तराचा पट्टा धरून उभी राहते, हात धरत नाही, कारण हात सुटतो आणि पट्टा सुटत नाही. हे तिला कुणी शिकवले नाही. तिचे तिनेच शोधले.

रुंदीकरणाची मोजणी करायला माणसे आली होती. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांना नोटिशीची अपेक्षा तरी आहे. वारली कुटुंबांपैकी अनेकांची घरे वनजमिनीवर आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे केलेले आहेत, पण दाव्याचा कागद आणि पट्टा यांत फरक असतो. मोजणीदाराने चुन्याची रेघ मारली ती एका अंगणातल्या तुळशीच्या अलीकडून की पलीकडून, यावर अर्धा तास बोलणे झाले. शेवटी पावसाने ती रेघ धुऊन नेली. गायमुखाचा घाट बंद असतो त्या दिवशी ठाण्यात कामाला जाणाऱ्या बायकांचा खाडा होतो. घरकामाला जाणारीला घाट बंद होता म्हणून पगार कुणी देत नाही. तेव्हा ठाण्याकडच्या मंडळींनी आपली मागणी लिहाल तेव्हा ती गायमुखाला थांबवू नये, ही विनंती. रस्ता एकच आहे. महापालिका दोन आहेत म्हणून तो मध्ये तुटत नाही.

आनंदनगर_नाका (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. 'दुसरी वाट नव्हतीच' हे माझे विधान मी अर्धे मागे घेतो. कोलशेतच्या बाजूने मी रोज कामाला जातो, तरी ते माझ्या लक्षात आले नव्हते. चेण्याचा विचार तर मी केलाच नव्हता, हेही कबूल करतो.

मध्यंतरी मी एका कार्यालयात जाऊन विलीनीकरणाचा आराखडा पाहायला मागितला. तीन खिडक्या झाल्यावर एका टेबलावर तो उलगडून मिळाला. मार्गिकांची रुंदी, पावसाळी गटार, दिव्यांचे खांब, सगळे मापासह होते. ओलांडण्याची जागा विचारली तेव्हा तिथल्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे चष्मा लावून शोधली आणि "ती रंगकामात येईल" असे सांगितले. म्हणजे झेब्रा पट्टे शेवटी मारायचे. कुठे, ते पट्टे मारणारा ठरवणार.

सडक_निवृत्त यांना विचारायचे आहे : आपण निवेदन द्यायचे ठरवले तर त्यात नेमके काय मागावे, की जे 'नियमात बसत नाही' म्हणून परत येणार नाही?

सडक_निवृत्त

थोडक्यात सांगतो. रंगकामाचे उत्तर मला परिचित आहे.

दोन उड्डाणपुलांच्या मधल्या प्रत्येक पट्ट्यात निदान एका ठिकाणी सिग्नलसह ओलांडण्याची जागा मागावी, आणि तिथे दुभाजक एवढा रुंद ठेवायला सांगावा की चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी घेऊन माणूस मध्ये उभा राहू शकेल. सिग्नलला वाहतूक विभाग विरोध करील. तेव्हा पादचाऱ्याने बटण दाबल्यावरच लागणारा सिग्नल सुचवावा. केवळ पादचारी पूल मागू नये. तो लवकर मंजूर होतो, कारण गाडी थांबत नाही. आणि जिन्यामुळे तो रिकामाही राहतो, मग त्यावर जाहिरातीचा फलक लागतो.

मेट्रोच्या स्थानकांबाबत मात्र आत्ताच जागे व्हावे. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुख ते विजय गार्डन चाचणी झाली आहे, म्हणजे स्थानके आकाराला आली आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरणारे जिने आणि उद्वाहक जर तिकीट न काढता वापरता आले, तर तोच तुमच्या आईंचा पूल आहे. तिकिटाचे फाटक कोणत्या टोकाला बसते, यावर सगळे अवलंबून आहे. फाटक जिन्याच्या तोंडाशी बसले तर तो पूल फक्त प्रवाशांचा होतो. ही मागणी खर्चाची नाही, जागेची आहे. म्हणून ती मान्य होण्याची शक्यता अधिक.

गायमुखापुढे मागणी वेगळी लिहावी. तिथे आधी पदपथ आणि बसथांब्याला आत घेतलेली जागा हवी, आणि चेणे, काजूपाडा इथे वेग कमी करणारी मांडणी. ट्रेलरवाल्यांनाही ती परवडेल, कारण घाट उतरल्यावर त्यांचे ब्रेक तसेही तापलेले असतात.

ट्रेलर_उरण

वेग कमी करायला हरकत नाही. पण गतिरोधकावर आधी पट्टे मारावेत आणि रात्री दिसेल असा दिवा लावावा. अंधारात न दिसलेल्या गतिरोधकावर आमच्या कंटेनरची कुलुपे उचकटली जातात. निवेदनावर आमच्या वाहतूकदारांच्या सह्या हव्या असतील तर मी आणून देतो.

चेणे_काठ

पाड्यावरच्या सह्या मी घेते. काही अंगठे असतील. ते चालतात का, ते आधी सांगावे.

आनंदनगर_नाका (धागाकर्ता)

चालतात. अंगठ्याशेजारी नाव आणि साक्षीदाराची सही घ्यावी, म्हणजे कुणी शंका काढणार नाही. ओवळे_पाडा, तुमचा कटाबद्दलचा प्रश्न मी निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात तुमच्याच शब्दांत घेतला आहे. तुमची संमती हवी आहे.

ओवळे_पाडा

संमती आहे. गौरीचा प्रसंगही घालावा, पण चुलतीचे नाव घालू नये; ती मला घरात घेणार नाही.

निवेदनाचे काय व्हायचे ते होईल, त्याला वेळ लागेल. त्याआधी गणपती येतील. यंदा गावातली बरीच पोरे कामाच्या पाळीवर असणार आहेत आणि दोर धरायला माणसे कमी पडतील. तुमच्या संकुलातली तरुण मुले मिळतील का?

आनंदनगर_नाका (धागाकर्ता)

मी स्वतः येतो आणि मुलांनाही आणतो. एकूण किती जण लागतात?

ओवळे_पाडा

दोन्ही बाजूंना सहा-सहा जण पूर्वी पुरत असत. मेट्रोच्या खांबांमुळे मध्ये दिसत नाही, म्हणून आता खांबाशी एक जण शिट्टी घेऊन उभा करावा लागतो. तुमच्यातला उंच मुलगा त्या कामाला द्यावा. दोर आमच्याकडे आहे.